पहिलीच्या बाई

अक्का वर्गात आल्या की उठायचं नाही, एवढं पहिलीच्या बावन्न मुलांना शिकवायला मला आठ दिवस लागले.

"कोण आलं?" मी विचारायची.

"अक्का." बावन्न तोंडं एकदम.

"चूक. शिपाईबाई आल्या. शिपाईबाई आल्या की आपण काय करायचं?"

"हाताची घडी, तोंडावर बोट."

मग मी दाराकडे मान हलवायची आणि नरसम्मा अक्का पाण्याचा जग घेऊन आत यायच्या. की सगळा वर्ग ताडकन उभा. "नमस्ते अक्का." त्यांनी "कूर्चोंडी", म्हणजे बसा, असं तेलुगूत म्हटल्याशिवाय एक मूल खाली बसेल तर शपथ. अक्का पदर तोंडाला लावून हसायच्या, पुन्हा बाहेर जायच्या आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यांना या सगळ्याची गंमतच वाटते आहे, असं तेव्हा मला वाटायचं. मी बावीस वर्षांची होते. त्या वयात माणसाला बरंच काही वाटतं.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याण्णवची. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत आमची शाळा होती. एक लांब ओसरी, तिच्यावर सात खोल्या, खोल्यांमध्ये पत्र्याचे आडोसे. तिसरीचा पाढा सुरू झाला की चौथीचा इतिहास बंद पडायचा. शाळेला अनुदान नव्हतं. चिट्याल सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, ती नऊ वर्षं लोकांच्या हातापाया पडून चालवली होती. आम्हा शिक्षकांना मिळायचं त्याला पगार म्हणायची कुणाची छाती नव्हती. सगळे मानधन म्हणायचे.

आणि आता, नऊ वर्षांनी, अनुदानासाठी तपासणी व्हायची होती. ती पार पडली की पगार सरकारचा, खोल्या पक्क्या, फी बंद. अडचण एकच होती. सरकारी नियमाप्रमाणे प्रत्येक वर्गाला डी.एड. झालेला शिक्षक हवा. एकही वर्ग अप्रशिक्षित माणसाच्या हातात दिसला की प्रस्ताव परत. आणि आमचा पहिलीचा वर्ग नरसम्मा येमूल यांच्या हातात होता. शिक्षण सातवी पास.

शाळा निघायच्या आधी अक्का स्वतःच्या ओट्यावर बसून विड्या वळायच्या. मांडीवर तेंदूच्या पानांचं सूप, आणि भोवती शेजारणींची पोरं, कारण त्यांना सांभाळायला दुसरं कुणी नसायचं. हात विडीत आणि तोंड पोरांत, असा त्यांचा वर्ग चालायचा. चिट्याल सरांनी तो पाहिला आणि म्हणाले, "अक्का, सूप घरी ठेवा, पोरं घेऊन शाळेत या." तेव्हापासून पहिली त्यांची. मुलं घरात तेलुगू बोलणारी, शाळा मराठी. पहिल्या दिवशी पोरगं आत यायचं ते हंबरडा फोडत, शाळेतलं मराठी ओ की ठो कळत नसताना. दिवाळीपर्यंत तेच पोरगं मराठीत भांडायचं. हे मधे कसं व्हायचं ते अक्कांनाच ठाऊक.

मी बार्शीची हेमलता घोंगडे. डी.एड.ला पहिला वर्ग. चार संस्थांच्या मुलाखती दिल्या होत्या आणि चारही ठिकाणी माझी गुणपत्रिका बाजूला सारून वडील किती देणगी देतील ते विचारलं होतं. वडील शिंपी. चिट्याल सरांनी मात्र काही मागितलं नाही. नुसतं म्हणाले, "कागदावर पहिलीचा वर्ग तुमचा. पण सध्या तुम्ही मागे बसायचं. अक्का शिकवतील."

मला इतका राग आला होता, सांगता सोय नाही. मी रात्रभर जागून पाठांची टाचणं काढायची, उद्दिष्टं, साहित्य, मूल्यमापन, सगळं लाल-निळ्या शाईत. अक्का ती वही हातात घ्यायच्या, "काय अक्षर आहे गं तुझं, मोत्यासारखं," म्हणायच्या, आणि तिच्यावर पाण्याचा जग ठेवायच्या. मग मला म्हणायच्या, "हेमा, भागीचं नाक पूस." सहा महिने झाले तरी माझं काम तेच. नाकं पुसायची, पाट्या पुसायच्या, आणि रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन बसायचं. मांडीवर घेतलं की त्याच्याशी बोलावं लागायचं, आणि त्याला मराठी येत नसायचं. बाईला आपला वर्ग सोडवत नाही, म्हणून ही मला मागे बसवते, असं मी चक्क धरून चालले होते. घरी पत्रात तसं लिहिलंही होतं.

तपासणीचं ठरलं तेव्हा चिट्याल सर अक्कांसमोर मान खाली घालून उभे होते. "त्या दिवशी तुम्ही घरीच थांबा, अक्का," असं ते कसंबसं म्हणाले.

"घरी थांबले तर पोरं रडतील की," अक्का म्हणाल्या. "मी डोळ्यांसमोर पाहिजे त्यांच्या. मला शिपाई करा. चहा देते, घंटा देते. हेमा शिकवेल."

अशा रीतीने ती आठ दिवसांची तालीम माझ्याकडे आली. नवव्या दिवशी अक्का जग घेऊन आत आल्या आणि बावन्नपैकी एकही मूल उठलं नाही. मी आनंदाने टाळी वाजवली. अक्का हसल्या नाहीत. "जमलं की," एवढं म्हणून जग ठेवला आणि गेल्या.

तपासणीचे साहेब खळदकर म्हणून होते. उंच, किडकिडीत, खिशाला दोन पेनं. सकाळी अकराला ते चिट्याल सरांबरोबर सातवीच्या खोलीत शिरले. मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, पहिलीच्या वर्गात. पत्र्यापलीकडचं सगळं ऐकू येत होतं. कपबश्यांचा आवाज आला, म्हणजे अक्का चहा घेऊन सातवीत गेल्या. आणि दुसऱ्या क्षणाला खडखड करत सगळी बाकं मागे सरकली.

"नमस्ते अक्का."

 आता आठवलं की हसू येतं. आम्ही सात शिकलेले शिक्षक आणि वर मुख्याध्यापक, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की सातवीची मुलंसुद्धा कधीतरी पहिलीत होती. दुसरीपासून सातवीपर्यंत एक पोर असं नव्हतं की जे अक्कांच्या हाताखालून गेलं नव्हतं. आम्ही पढवलं फक्त पहिलीला.

पुढचं मला चिट्याल सरांनी नंतर सांगितलं. साहेबांनी कप हातात घेऊन विचारलं, "या कोण?" सर म्हणाले, "शिपाई आहेत, साहेब. मुलांवर संस्कार आहेत. शिपायालाही मान देतात." साहेब म्हणाले, "वा." आणि सहावीत जाताना अक्कांना म्हणाले, "बाई, तुम्हीही चला. पाणी घेऊन चला." सहावी उभी राहिली. पाचवी उभी राहिली. मी पत्र्याला कान लावून बाकांचे खडखडाट मोजत होते. चौथी. तिसरी. दुसरीला बाकं नव्हती, पण साठ पोरांचं "नमस्ते अक्का" भिंती हलवून गेलं. प्रत्येक वेळी अक्कांना हळूच "कूर्चोंडी" म्हणावं लागत होतं, नाहीतर मुलं साहेब असेपर्यंत उभीच राहिली असती.

मग साहेब माझ्या दारात आले. मागे चिट्याल सर, चेहरा पांढराफटक. त्यांच्या मागे जग घेतलेल्या अक्का.

साहेब आत आले तेव्हा वर्ग उठला, नमस्ते म्हणाला, बसला. मग अक्का आत आल्या. बावन्न मुलं जागच्या जागी. हाताची घडी, तोंडावर बोट. पहिल्या रांगेतली भागी बोल्ली अर्धी उठली, तिचं तिलाच आठवलं, आणि फ्रॉक दोन्ही हातांनी खाली ओढून ती परत बसली. मी शिकवलेलं इतकं तंतोतंत कुणी केल्याचं मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

"वर्ग शिस्तीचा आहे तुमचा," साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"सहा वर्ग या बाईंसाठी उभे राहिले. मुख्याध्यापक म्हणाले, संस्कार आहेत. मग तुमच्याच वर्गाचे संस्कार कुठे गेले?"

"लहान आहेत, साहेब," चिट्याल सर मधे पडले.

"लहान मुलं आधी उठतात, सर. मोठ्यांना सांगावं लागतं." साहेब भागीसमोर वाकले. "बाळ, या कोण आहेत?"

भागीने माझ्याकडे पाहिलं. मग अक्कांकडे पाहिलं. अक्का भिंतीकडे बघत होत्या.

"शिपाईबाई," भागी म्हणाली, आणि दुसऱ्या क्षणी तिचा ओठ थरथरायला लागला. आवाज न करता, तोंडावरचं बोट न काढता, ती रडायला लागली. तिच्या बोटावरून पाणी ओघळत होतं. अक्कांनी जग इतका घट्ट धरला होता की त्यांच्या नखांचा रंग गेला होता.

खरं सांगते, त्या क्षणी मला अनुदान आठवलं नाही. बार्शी आठवली नाही, वडील आठवले नाहीत. मला माझीच लाज वाटली, आणि ती इतकी वाटली की गप्प बसणं जमेना.

"साहेब, तिला मी शिकवलंय तसं म्हणायला," मी म्हणाले. "आठ दिवस शिकवलं. हा वर्ग माझा नाही. अक्कांचा आहे. पहिल्यापासून त्यांचाच आहे. मी मागे बसते."

चिट्याल सरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी फाईल मिटली. 

पहिल्यांदा बोलल्या त्या अक्का, आणि त्या साहेबांशी बोलल्या नाहीत. "काय करून ठेवलीस गं," त्या मला म्हणाल्या. "सात जणांच्या तोंडचा घास काढलीस."

"बाई, शिक्षण किती तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"सातवी, साहेब."

"मग मला काही करता येणार नाही. तुम्ही कितीही चांगलं शिकवत असलात तरी. नियम तुमच्या शाळेसाठी वेगळा नाही."

"नियम बरोबर आहे, साहेब," अक्का म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली. त्यांना हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं.

"बरोबर आहे," अक्का पुन्हा म्हणाल्या. "मोठ्या लोकांच्या पोरांना शिकलेल्या बाई आणि विडीवाल्यांच्या पोरांना सातवी पास, असं का? मला पुढचं येत नाही. मोठं पोरगं गणित घेऊन आलं की मी सरांना बोलावते. म्हणून जूनमध्ये मीच सरांना म्हटलं, डी.एड.वाली पोरगी आणा. तिला आपलं बोलणं येत नसेल, तर मी शिकवते. दहा महिने माझ्याकडे द्या, मग तिची ती. सर नको म्हणत होते. मी म्हटलं, नाहीतर मी गेल्यावर पोरं कुणाकडे बघणार?"

मी चिट्याल सरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. सहा महिने मी पुसलेली नाकं, मांडीवर बसवलेली पोरं, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. घरी लिहिलेलं पत्रही गेलं.

"शिकली का मग ही?" साहेबांनी विचारलं.

"बघा की तुम्हीच." अक्कांनी जग खाली ठेवला, वर्गाच्या मागे गेल्या आणि माझ्या जागेवर, भिंतीला टेकून, मांडी घालून बसल्या. "हेमा, भागीला आधी गप्प कर. मग घे पाठ."

मी भागीजवळ बसले. तिचं बोट तोंडावरून काढलं. "एडवकु, अम्मा," म्हटलं. रडू नको, बाय. नाक पुसलं. मग जगातलं पाणी भांड्यात ओतून तिच्यापुढे धरलं. "इदि एंटि?" हे काय?

"नीळ्ळु," हुंदका देत भागी म्हणाली.

"घरी नीळ्ळु. शाळेत?"

"पाणी."

"पी मग. शाळेतलं पाणी पी."

ती प्यायली. शेजारचा श्रीनिवास म्हणाला, मलाही. मी त्याला शाळेतलं मागायला लावलं. तो म्हणाला, "बाई, मला पाणी द्या." मग बावन्न जणांना तहान लागली. मी फळ्यावर 'पाणी' लिहिलं, त्यातला 'प' मुलांनी हवेत गिरवला, आणि कधी अर्धा तास गेला ते मला कळलं नाही. उच्चार माझे बार्शीचे होते, मुलं मधेच हसत होती आणि मला दुरुस्त करत होती. माझ्या लाल-निळ्या टाचणात यातली एक ओळ नव्हती.

थांबले तेव्हा साहेब दाराशी फाईल उघडून उभे होते.

"आज मी हिचं नाव लिहिलं तर ते खोटं होईल," ते अक्कांना म्हणाले.

"आज होईल. एप्रिलनंतर नाही होणार."

"म्हणजे?"

"एप्रिलमध्ये निकाल लागला की मी येणार नाही. एक दिवसही नाही. शब्द देते."

साहेबांनी खिशातलं एक पेन काढलं. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "पूर्ण नाव?" मी सांगितलं. त्यांनी लिहिलं. "एप्रिलपर्यंत या तुम्हाला मदत करतील, असं मी समजतो," ते म्हणाले. "जूनमध्ये मी न कळवता येईन. त्या या वर्गात दिसल्या तर शेरा बदलेन. आणि बाई, या मुलीला आधी या बाई कोण आहेत ते नीट सांगा."

ते ओसरीवरून गेले. मी भागीला म्हटलं, "कोण गं या?" तिने आधी माझा चेहरा नीट तपासला, आणि मग उठून थेट अक्कांच्या मांडीवर जाऊन बसली. चिट्याल सर दारात उभे राहून चष्मा पुसत होते. एरवी ते चष्मा आठवड्यातून एकदा पुसायचे.

अनुदान फेब्रुवारीत मंजूर झालं. एप्रिल संपत आला तसा मी अक्कांचा पिच्छा पुरवला. साहेब कशाला येतात परत, म्हटलं. कागदावर नाव माझं आहेच, तुम्ही राहा. सर म्हणाले, शाळा तुमची आहे, या बसायला तरी.

"साहेब येवोत न येवोत," अक्का म्हणाल्या. "अगं, मी नुसती दारात उभी राहिले तरी पोरं तुझ्याकडे बघायची नाहीत. मग तू बाई कधी होणार?"

निकालाच्या दिवशी त्यांनी पाट्या मोजून कपाटात ठेवल्या, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि दुपारी गेल्या. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर सूप घेऊन बसल्या. माझ्या सेवापुस्तकात प्रशिक्षणाच्या रकान्यात डी.एड., कालावधी दोन वर्षं, असं लिहिलंय. पुढे तीस वर्षं नोकरी केली, शेवटी त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाले, पण ते दहा महिने कुठल्या रकान्यात घालायचे हे मला कुणी सांगू शकलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. नवीन अठ्ठेचाळीस मुलं, अठ्ठेचाळीस तऱ्हेची रडणी. मी एकटी. दोघांना कडेवर घेतलं होतं, तिसरा माझ्या निऱ्या ओढत होता, आणि मी तेलुगू-मराठीची खिचडी करून सगळ्यांना एकदम समजावत होते. दारात पालकांची रांग होती. रांगेत सर्वांत शेवटी, इतर आयांसारखाच डोक्यावरून पदर घेऊन, नातीचा हात धरून नरसम्मा अक्का उभ्या होत्या.

त्यांची पाळी आली. मी "अक्का" म्हणणार तेवढ्यात त्याच बोलल्या.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "ही माझी नात. जरा रडकी आहे. हिला बसवून घेता का?"

दहा महिने ज्यांनी मला हेमा म्हणून नाकं पुसायला लावली होती त्या मला अहो-जाहो करत होत्या.  मी कडेवरची मुलं खाली ठेवली आणि त्यांच्या पायाशी वाकायला गेले. त्यांनी माझा दंड धरून मला अर्ध्यातच उभं केलं. पकड चांगली घट्ट होती.

"वर्गात नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पोरं बघायलीत. बाईंनी वर्गात कुणाच्या पाया पडायचं नसतं."

त्यांनी नातीचा हात माझ्या हातात दिला, पदर सारखा केला, आणि ओसरीवरून उतरून निघून गेल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. नातीने भोकाड पसरलं. मी तिला उचलून घेतलं आणि आत वळले.